सरळ कडेची जुई

१

बाटलीवरचं लेबल साताऱ्याच्या एजंटाने मोठ्यांदा वाचलं, ही पहिली चूक. दुसरी चूक म्हणजे वाचता वाचता त्याला हसू आलं.

रहाटणीत अण्णासाहेब नखात्यांच्या तेलाच्या कारखान्यासमोर मांडव घातला होता. गावोगावचे एजंट पेढे खाऊन बसले होते. ‘वेणी’ केशतेलाची नवी बाटली रेशमी रुमालाखाली झाकून ठेवली होती. अण्णासाहेबांनी स्वतःच्या हाताने रुमाल उचलला आणि बाटली कौतुकाने साताऱ्याच्या एजंटाच्या हातात दिली.

“तेल घेण्याआधी मालकाच्या डोक्याचा उजाड माळ एकदा पाहून घ्या,” त्याने वाचलं, “मगच बाटलीला हात लावा.”

अण्णासाहेबांचा हात आपोआप टोपीकडे गेला. त्यांच्या डोक्यावर केस नाहीत हे रहाटणीपासून चाकणपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. एकोणीसशे एकोणऐंशी सालापर्यंत तरी त्यांच्यासमोर ते कुणी उच्चारलेलं नव्हतं.

“अक्षर कुणाचं हाय हे?” त्यांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना मांडवाच्या शेवटच्या रांगेकडे वळल्या. तिथे नीला ओव्हाळ बसली होती. तेविसाव्या वर्षीच चांगली चित्रकार म्हणून नाव झालेली मुलगी. आज एजंटांशी ओळख करून द्यायची म्हणून तिला खास बोलावलं होतं. अंगावर नवी साडी, चेहऱ्यावर नुकतं हसू होतं. ते विरलं.

तिचे मालक हरिहर सबनीस पहिल्या रांगेतून उठले. चिंचवडला त्यांचा छापखाना होता आणि लेबलं तिथूनच यायची. त्यांनी हात जोडले. “अण्णासाहेब, काय तोंडाने बोलू? अक्षर नीलाचंच आहे.”

“मी हे केलेलं नाही,” नीला म्हणाली.

“मंग तुझं अक्षर काय आपल्या पायानं चालत आलं व्हय? चल, ऊठ! ह्या पट्ट्यात कुठल्या कंपनीच्या गेटातनं आत शिरतीस तेच बघतो मी.”

अण्णासाहेब नुसतं बोलून थांबणारे नव्हते. त्याच दुपारी त्यांनी भोसरीपासून चाकणपर्यंत ओळखीच्या एकेका मालकाला फोन लावला. ओव्हाळांची पोरगी दारात उभी करू नका. जिथे लेबल लागतं, खोकं लागतं, जाहिरात लागते, अशी बहुतेक सगळी दारं संध्याकाळपर्यंत नीलाला बंद झाली.

२

कारखान्यात जाहिरात आणि पॅकिंग ही दोन्ही खाती सुमेधा ओगले सांभाळायच्या. वय सत्तेचाळीस, आवाज मऊ, प्रश्न मात्र टोकदार. माणसं त्यांना ओगलेबाई म्हणायची आणि त्या समोर आल्या की हातातलं काम उगाचच नीट करू लागायची.

“सबनिसांना कळवा. खोकी छापून झाली हायेत म्हणून ऑर्डर ठेवतो, पण ती पोरगी पुन्यांदा माझ्या कामाला नको,” अण्णासाहेब म्हणाले.

“कळवते. पण हे तिने केलं असं तुम्हाला कुणी सांगितलं?”

“डोळं हायेत मला!”

“अण्णासाहेब, डोळे त्या एजंटालाही होते. त्याने फक्त वाचलं.”

“तुमाला काय पडलंय तिचं?”

“बाटली माझ्या टेबलावरून मांडवात गेली. आज तिचं नाव घेताय, उद्या माझं घ्याल. शनिवारपर्यंत मला विचारपूस करू द्या.”

अण्णासाहेबांनी हात झटकला. नाही म्हणाले नाहीत, एवढंच.

ओगलेबाईंनी बाटली गरम पाण्यात ठेवली, लेबल अलगद सोडवलं आणि काचेवर पसरलं. अक्षर होतं ‘जुई’. नीलाच्या हस्ताक्षरावरून सबनिसांनी टाइप काढला होता, त्याचं हे नाव. केसासारख्या बारीक रेषा, वेलांटी सुटल्या बटेसारखी, काना खाली येता येता अगदी विरून जाणारा. दोन वर्षांत जुई लग्नपत्रिकांवर गेली, साड्यांच्या खोक्यांवर गेली, पावडरच्या डब्यांवर गेली. जिथे कुणीतरी खास आपल्यासाठी हाताने लिहिलंय असं वाटायला हवं, तिथे जुई.

ही अक्षरं पारदर्शक तावावर उलटी छापलेली यायची. ताव कागदावर धरून वरून घासलं की एकेक अक्षर उतरून खाली चिकटायचं. म्हणजे ज्याच्या हातात ताव, त्याच्या हातात नीलाचं अक्षर. अण्णासाहेबांना हे समजावणं सोपं होतं. पण तावाला हात लागेल अशी माणसं थोडी नव्हती.

बाईंनी भिंग लावलं. लेबलावर चार ओळी होत्या. डावीकडून चारही एका रेषेत, उजवीकडूनही चारही एका रेषेत. दोन्ही कडा सुरीने कापल्यासारख्या. ‘माळ’मधल्या ळच्या दोन वेटोळ्यांमधली बारीक रेघ तडकली होती. बाटलीच्या गोलाईने तडकली असेल, असं त्यांना वाटलं.

तरीही त्या लेबलाकडे बघून त्यांना कसंतरीच होत होतं. ओळखीच्या बाईला कुणीतरी पोलिसाचा गणवेश चढवावा, तसं.

३

चिंचवडच्या छापखान्यात हरिहररावांनी चहा मागवला आणि स्वतः प्यायले नाहीत.

“आदल्या संध्याकाळी नीलाने लेबल चिकटवलं, बाटली खोक्यात घातली, खोकं माझ्या टेबलावर ठेवलं आणि घरी गेली,” ते म्हणाले. “सकाळी तुमच्याकडचा ज्योतीराम येऊन घेऊन गेला.”

“म्हणजे मधे कुणीही लेबल बदलू शकलं असतं.”

“कुणी म्हणजे कोण? बाई, मी त्या मुलीला कॉलनीतून उचलून इथे आणलं. बोरू कसा धरायचा ते शिकवलं. असं केलं तिने, तरी मी तिला टाकणार नाही. आतल्या खोलीत बसेल, काम करेल. नाव नको, कुणाशी गाठभेट नको. इतकी माणुसकी आहे माझ्यात.”

“तुमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाची भर मांडवात अब्रू गेली, आणि तुम्ही तिला ठेवून घेणार?”

“दुसरीकडे कोण घेणार आता तिला?” हरिहरराव म्हणाले. म्हणताना कपाळावर आठी होती, पण आवाजात दुःख नव्हतं.

मागच्या खोलीत ज्ञानदेव खिळ्यांच्या पेट्या सुतळीने बांधत होते. शिशाचा एकेक खिळा जुळवून ओळी करणारे हे छापखान्याचे जुने जुळारी. जुई आल्यापासून त्यांचं काम आटलं होतं, आणि आता पेट्या भंगारात निघाल्या होत्या.

“मला विचारायला आलात ना? विचारा,” ते वर न बघता म्हणाले. “त्या पोरीच्या अक्षरानं माझ्या पेट्या खाल्ल्या. मला तिचा राग आहे. लिहून घ्या पाहिजे तर.”

“लेबल तुम्ही केलंत?”

“तसल्या चिकट कागदाला मी हात लावत नाही. ओळ म्हणजे खिळे धरायच्या स्टिकमध्ये ठोकून बसवायची, कडेला नख शिरता कामा नये. हे हरिहरशेठ माझ्याच हाताखाली शिकलेत त्यांच्या वडिलांच्या वेळी. ओळीचा शेवट हलला की डोक्यात टपली द्यायचो. आता शेठ झालेत, टपली द्यायची सोय राहिली नाही!”

तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. अण्णासाहेबांचा पुतण्या ज्योतीराम आत आला. छापखाना आणि कारखाना यांच्यातली ने-आण तोच करायचा.

“काय ओगलेबाई, सीआयडी झालात काय? ह्या म्हाताऱ्याला धरा की आधी!”

“पेटीला हात लावू नकोस,” ज्ञानदेव म्हणाले. “मागं एकदा आख्खी पेटी सांडलीस तेव्हा कानाखाली बसली होती, आठवतंय का?”

“तेव्हापासून ह्यांच्याशी बोलतो कोण राव!”

“ज्योतीराम,” बाई म्हणाल्या, “तुमचा पुण्यातला मित्र छपाई करतो. ही ऑर्डर त्याला मिळावी म्हणून काकांच्या मागे तुम्ही किती दिवस होतात?”

ज्योतीरामचं हसू गेलं. “होतो. मग? म्हणून काकाला टकल्या म्हणेन मी? घरातनं हाकलून देईल तो मला!”

ज्ञानदेव आणि ज्योतीराम, दोघांनाही कारण होतं. आणि खोकं हरिहररावांसकट तिघांच्याही हाताजवळून गेलं होतं.

४

पिंपरीच्या कॉलनीत भीमराज ओव्हाळांनी दार अर्धंच उघडलं. ते फाउंड्रीत होते. नुकतीच शिफ्ट संपवून आले होते.

“नखात्यांकडून आलात? मग इथंच बोला. आत यायचं काम नाही.”

“मला नीलाला भेटायचंय.”

“पोरीला गर्दीसमोर उठवलं, तेव्हा तुम्ही कुठं होतात?”

“तिथेच होते,” बाई म्हणाल्या. “गप्प बसले.”

भीमराजांनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि दार पूर्ण उघडलं. खुर्ची मात्र पुढे केली नाही.

नीला खिडकीपाशी बसली होती. ओगलेबाईंनी लेबल तिच्या पुढ्यात ठेवलं. तिने ते हातात घेतलं, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर रागाऐवजी वेगळं काहीतरी आलं. किळस.

“शी! जुईची ओळ अशी लावतात का? दोन्हीकडून कापून? अहो बाई, जुई हाताची आहे. हाताने लिहिताना ओळ कुठे संपेल ते आधी ठरतं का? एक लांब जाते, एक आखूड राहते. म्हणून तर ती जिवंत वाटते. ह्याने शब्दांत कुठे फट वाढवलीय, कुठे अक्षरं कोंबलीयत, केवळ कड सरळ यावी म्हणून.” मग ती थबकली. तिने लेबल डोळ्यांजवळ नेलं. “आणि हा ळ… हा कुठून आला?”

“का?”

“हा जुना ळ आहे. पहिल्यांदा चाचणीचे ताव छापले त्यात असा होता. मधली रेघ इतकी बारीक होती, की घासलं की तडकायची. म्हणून मी तो मोडला आणि गाठीचा नवा काढला. आता सगळीकडे नवाच आहे.”

“चाचणीच्या तावांचं काय झालं?”

“मी आणि सबनीससरांनी बसून फाडले, माझ्यासमोर. एकच त्यांनी ठेवला. म्हणाले, नखात्यांकडे नमुना म्हणून पाठवतो.”

ओगलेबाईंनी लेबल पुन्हा हातात घेतलं. नखात्यांकडे येणारा प्रत्येक नमुना त्यांच्याच टेबलावर यायचा. तो ताव कधीच आला नव्हता.

“आणखी एक सांग,” त्या म्हणाल्या. “तुझं वाईट व्हावं असं कुणाला का वाटेल?”

नीलाने वडिलांकडे पाहिलं. भीमराजच बोलले. “अण्णासाहेब चाकणला नवी शेड घालतायत. तिथं हिला ठेवणार होते, चित्रांचं खातं हिच्या हाती देऊन. त्या मांडवात तेच सांगणार होते.”

“हे आणखी कुणाला माहीत होतं?”

“अण्णासाहेबांनी सबनीससरांना सांगितलं होतं,” नीला म्हणाली. “म्हणाले, माणूस तुमचा नेतोय, तर तुमच्या कानावर घालणं बरं.”

दार लावता लावता भीमराज म्हणाले, “बाई, तिला नोकरी मिळेल न मिळेल. पण जुई तर पत्रिकेपत्रिकेवर आहे. उद्या लोक म्हणतील, हे त्या शिवराळ पोरीचं अक्षर. ते कसं पुसायचं?”

५

शनिवारी अण्णासाहेबांच्या कचेरीत लांब टेबलावर तीन कागद, तीन पट्ट्या आणि जुईचे तीन नवे ताव मांडलेले होते.

“एजंटांना माफीचा मजकूर पाठवायचाय,” ओगलेबाईंनी सांगितलं. “नीला नाही, तेव्हा तुम्ही तिघांनी एकेक करा. चांगला असेल तो छापू. मजकूर समोर आहे. चार ओळींत बसवा.”

“मी ह्याला हात लावत नाही,” ज्ञानदेव म्हणाले.

“आज लावा. नाहीतर तुमच्याबद्दल काय बोलतात ते तसंच राहील.”

ज्ञानदेवांनी शिवी गिळली आणि बसले. ज्योतीराम बाह्या सरसावून बसला. हरिहरराव नाइलाजाने खुर्चीत टेकले. “हा पोरखेळ कशासाठी?”

“मजकुरासाठी,” बाई म्हणाल्या.

कचेरीत घासण्याचा आवाज तेवढा राहिला. ज्योतीरामच्या ओळी तिसऱ्या शब्दापासूनच चढणीला लागल्या, आणि चौथी ओळ कागदाबाहेर डोकावून आली. ज्ञानदेव एकेक अक्षर दाबत, शिव्या देत चालले होते. हरिहरराव मात्र भराभर करत होते. दुसरी ओळ तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतराने आखूड पडली, तेव्हा त्यांनी ब्लेडने शेवटचा शब्द खरवडला, नवा घासून जरासा उजवीकडे बसवला आणि पुढे गेले. आपण हे केलं, याकडे त्यांचं स्वतःचंही लक्ष नव्हतं.

ओगलेबाईंनी तिन्ही कागद उचलले आणि अण्णासाहेबांच्या पुढ्यात ठेवले. शेजारी बाटलीवरचं लेबल.

“कडा बघा, अण्णासाहेब.”

अण्णासाहेबांनी चष्मा लावला. “हे लेबल दोन्हीकडनं सरळ. ज्ञानदेवाचं सरळ. सबनिसांचंबी सरळ. आमच्या दिवट्याचं… जाऊ द्या.”

“नीलाने आजवर केलेलं एकही लेबल उजवीकडे सरळ नाही. जुईची ओळ ती कधी कापतच नाही. खिळे जुळवायला शिकलेल्या माणसाच्या हातून मात्र ओळ मोकळी सुटत नाही. त्याने ठरवलं तरी नाही.”

“मग हा बसलाय की तुमच्यासमोर!” हरिहरराव ज्ञानदेवांकडे बोट दाखवून म्हणाले. “ह्याच्या पेट्या भंगारात चालल्यात. आयुष्यभर कडा ठोकल्या ह्याने. आणखी काय हवं?”

ज्ञानदेव ताडकन उठले. ओगलेबाईंनी त्यांच्या दंडाला हात लावून खाली बसवलं.

“आणखी एक ळ हवा,” त्या म्हणाल्या आणि भिंग अण्णासाहेबांकडे सरकवलं. “लेबलावरचा हा तडकलेला ळ चाचणीच्या तावातला आहे. आजच्या तिन्ही कागदांवर गाठीचा नवा ळ आहे. चाचणीचे सगळे ताव फाडले, एक राहिला. तो कुठे गेला, हरिहरराव?”

“तुमच्याकडे पाठवला. ज्योतीरामबरोबर.”

“मला कवा दिला?” ज्योतीराम ओरडला. “काका, आईशप्पथ न्हाई!”

“खोटं बोलतोय तो. त्यानेच ठेवून घेतला असणार.”

“बरं,” बाई म्हणाल्या, “क्षणभर तसं धरू. ताव ज्योतीरामकडे राहिला. मग हे लेबल त्याने करायला हवं. त्याचा आजचा कागद तुमच्यासमोर आहे. एवढी सरळ कड त्याला जमेल?”

“स्कूटर सरळ लावत नाही तो,” ज्ञानदेव म्हणाले.

“आणि त्याने तो ज्ञानदेवांना दिला म्हणाल, तर कानाखाली बसल्यापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. हे तुमच्याच छापखान्यात सगळ्यांना माहीत आहे. नीलाने ठेवला म्हणाल, तर तडकतो म्हणून जो ळ तिने स्वतः मोडला, तो ती कशाला वापरेल? तिच्याकडे नवे ताव होते. त्यातली अक्षरं कमी झाली असती तर तिला कळलं असतं, म्हणून करणाऱ्याने जुना ताव काढला.” बाईंनी आवाज चढवला नाही. “कड एकतर ज्ञानदेवांची, नाहीतर तुमची. ताव एकतर ज्योतीरामकडे, नाहीतर तुमच्याकडे. दोन्हीकडे बसणारं नाव एकच आहे, हरिहरराव. बाटली रात्रभर तुमच्याच टेबलावर होती.”

हरिहररावांनी समोरच्या कागदाकडे पाहिलं. स्वतःच्याच चार ओळी. त्यांनी अंगठ्याने उजवी कड चाचपली, जणू तिथून एखादा धागा ओढून ती विसकटता आली असती.

“जुई माझ्या नावावर आहे,” ते अखेर म्हणाले. “नोंद माझी, छाप माझा. पण तुम्ही चाकणला नेणार होतात तो हात! ती तिथे बसून दुसरं अक्षर काढणार, आणखी नाजूक, आणखी सुंदर. माझ्या जुईला मग कोण विचारणार? खोकी छापून झाली होती, ऑर्डर तुम्ही मोडणार नव्हतात. तिला मात्र कुणी दारात उभं केलं नसतं. आली असती परत माझ्याकडे, गुमान.”

“बिननावाची,” ओगलेबाई म्हणाल्या.

“पोटाला तर मिळालं असतं!”

अण्णासाहेब खुर्चीतून उठले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता, आणि तो चढलेल्या आवाजापेक्षा वाईट होता. “सबनीस, आमच्या डोस्क्यावरनं तुमी पोरीचा गळा कापाया निघाला व्हय? चालते व्हा. खोकी नेऊन जाळा न्हाईतर बंबात घाला.”

६

नीला आली ती भीमराजांबरोबर. अण्णासाहेबांनी खुर्ची पुढे केली, चहा सांगितला, चाकणच्या शेडची चावी टेबलावर ठेवली.

“झालं गेलं जाऊ दे पोरी. सोमवारपासनं ये. खातं तुझं.”

नीलाने चावीकडे पाहिलं नाही. “मला चाकणला यायचं का, हे नंतर सांगेन. तुम्ही ज्यांना फोन केलेत, त्यांचं काय?”

“त्यांचं काय म्हंजे? विसरतील लोक.”

“माझं नाव घेतल्यावर विसरतील? जुई दिसली की आठवेल त्यांना.”

“मंग काय करू म्हणतीस?”

“परत लावा. एकेकाला. मी इथेच बसते.”

ज्योतीराम पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता. ओगलेबाई खिडकीबाहेर बघत होत्या. आपल्या मालकाने बोललेला शब्द मागे घेतलेला त्यांनी या जन्मात पाहिला नव्हता, आणि ते बघायची त्यांना हौसही नव्हती. पण त्या उठून गेल्या नाहीत.

“एक चिठ्ठी पाठवतो सगळ्यांना,” अण्णासाहेब म्हणाले. “ओगलेबाई मजकूर करतील.”

“तुम्ही माझ्याबद्दल तोंडाने बोललात,” नीला म्हणाली.

भीमराज खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. अण्णासाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग पोरीकडे. मग फोन ओढला आणि तबकडी फिरवू लागले. बोट दोनदा घसरलं. पलीकडून कुणीतरी उचलला. भोसरीचे खोकी बनवणारे होते. त्यांचा खणखणीत आवाज कचेरीभर ऐकू येत होता. बोला अण्णासाहेब, काय सेवा?

“ते… त्या ओव्हाळांच्या नीलाबद्दल बोललो होतो तुमाला. तसं काय न्हाई. पोरगी चोख हाय. चूक माझी झाली.”

काय म्हणालात? पलीकडून आवाज आला. आवाज नीट येत नाही हो. कुणाची चूक?

अण्णासाहेबांनी डोळे मिटले.

“माझी!” ते इतक्या मोठ्यांदा म्हणाले, की पॅकिंगमधल्या बायकांचे हात थांबले. “माझी चूक झाली म्हणालो!”

त्यांनी फोन खाली ठेवला आणि कपाळावरचा घाम पुसला. नीलाने चहाचा कप जवळ ओढला, एक घोट घेतला.

“आता पुढचा नंबर लावा,” ती म्हणाली.